ओसरीवरून : ऐकून चालविलेली खतावणी

हिशेबाची वही ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू आहे, असा आपणां सर्वांचा समज आहे, आणि तो साहजिकही आहे. आपल्या घरांतून दिवाळीच्या पाडव्यास नवी वही पुजली जाई. तीत डावीकडे जमा व उजवीकडे नावे असे रकाने पडत, आणि घरातील कर्ता पुरुष चष्मा चढवून, बोटाने ओळ धरून शिल्लक मिळवीत बसे. आता त्या वहीच्या जागी संगणकातील एक्सेल आले. त्यातही रकाने आहेतच. शिवाय रेघा आहेत, रंग आहेत, आणि माऊस हाती धरून नेमक्या चौकटीवर बाण नेऊन ठेवण्याचा खटाटोप आहे. तेव्हा ज्यास दृष्टी नाही त्याने या वाटेस जाऊच नये असे म्हणणारांत शहाणी माणसेही पुष्कळ आहेत.

गेल्या महिन्यात पेणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. त्यांच्या दिरांची मुलगी जन्मांध असून वाणिज्य शाखेत शिकते. घरात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, मुलीस गायन शिकवावे, हिशेबाच्या फंदात पाडू नये. दुसरा म्हणतो, तिची इच्छा आहे तर शिकू द्यावे. आपण शाळामास्तर आहात, आपले मत कळवावे, असे बाईंनी लिहिले आहे. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे आहे. गायनाविषयी आम्हांस आदरच वाटतो. परंतु दृष्टी नाही म्हटले की पेटी पुढे सरकवावयाची, हा न्याय डोळस मुलांस कोणी लावीत नाही. आणि आमचे हे मत दयेपोटी बनलेले नाही. आम्ही हे काम रोज जवळून पाहतो.

आमच्या धाकट्या भगिनीचा मुलगा येथे रोह्यास आमच्याच घरी राहतो. लहानपणी त्यास रातांधळेपणा होता. तो वाढत जाऊन विसाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. लेखनिक घेऊन तो बी. कॉम. झाला, मुंबईस काही महिने राहून संगणक शिकला, आणि आता दोन दुकानदारांचे व एका भातगिरणीचे हिशेब घरी बसून लिहितो. पडवीच्या कोपऱ्यात त्याचे टेबल आहे. एका कानात यंत्राची गोळी, दुसरा कान घरासाठी मोकळा. प्रथमप्रथम त्याने गोळी काढून आवाज आम्हांस ऐकविला, तेव्हा आमच्या कुटुंबास तो साळुंक्यांचा कलकलाट वाटला. इतक्या वेगाने ते यंत्र बोलते, आणि सरावाने तो ते आपण पोथी वाचावी तसे सहज ऐकतो.

हे बोलणारे यंत्र म्हणजे निराळे यंत्र नव्हे. ती संगणकात घातलेली एक आज्ञावली आहे. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे काही मजकुराच्या रूपाने असेल ते ती वाचून दाखविते. एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीस, म्हणजे सेलला, पत्ता असतो. उभ्या रकान्यांस ए, बी, सी अशी अक्षरे, आडव्या ओळींस एक, दोन, तीन असे अंक. बाणाची कळ दाबली की एक घर पुढे. आत काय आहे ते यंत्र सांगते व पाठोपाठ पत्ता सांगते : ‘पंधराशे, सी दोनशे एकेचाळीस.’ २००७ सालच्या आवृत्तीपासून एका तक्त्यात १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ रकाने मावतात. एवढ्या अफाट पसाऱ्यात पत्ता मुखी असलेल्याचीच सोय. डोळस मनुष्य माऊसने चौकट शोधीत वरखाली भटकत असतो, तेव्हा आमचा भाचा एफ ५ ही कळ दाबून पत्ता लिहितो व तेथे जाऊन पोहोचलेला असतो.

आम्हांस हे पाहून प्रथम पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायीचे आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद, आणि पादात क्रमाने सूत्रे, एकूण सुमारे चार हजार. यण् आदेशाचे सूत्र कोठे, म्हणून विचारल्यास शिकलेला विद्यार्थी पुस्तक न उघडता ६.१.७७ असा पत्ता सांगतो. ज्या विद्येत आमचे तारुण्य गेले ती मुळात ऐकून धरावयाची विद्या होती. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन हे सारे काय आहे? एकच शब्द पुढून-मागून म्हणून ताळा पाहावयाचा, म्हणजे अक्षर गळले तर कानास तत्काळ खटकते. कागद नसता शुद्धता राखण्याची ती युक्ती होय. संस्कृत व हिशेब यांचे हाडवैर आहे असे मानणारांस आम्ही आमच्या गावचे उदाहरण देतो. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले व त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. तेच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

कळींची यादी देऊन वाचकांस कंटाळा आणावयाचा नाही. परंतु चार-दोन सांगितल्यावाचून या कामाची कल्पना येणार नाही. अनोळखी तक्ता उघडला की भाचा आधी कंट्रोल व एन्ड या कळा एकत्र दाबतो. यंत्र शेवटच्या वापरलेल्या घराचा पत्ता सांगते. समजा, ‘एच तीनशे बारा’ म्हणाले, तर वाड्याची लांबीरुंदी कळली : आठ रकाने, तीनशे बारा ओळी. मग कंट्रोल व होम दाबून पहिल्या घरी परत यावयाचे आणि उजव्या बाणाने मथळे ऐकत जावयाचे. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की भरलेल्या घरांच्या टोकाशी एका उडीत जाता येते. एफ २ दाबले की घराच्या आत शिरता येते. तेथे बाणाने एकेक अंक सुटा ऐकावयास मिळतो. याची गरज का पडते ते मराठी माणसास सांगावयास नको : एकोणसत्तर व एकोणऐंशी यांत घाईत ऐकणाराची फसगत होते, आणि इंग्रजी आवाज तर आपल्या लाखास शंभर हजार म्हणतो. चुकीचे लिहून झाले तर एस्केप, लिहून बसले तर कंट्रोल व झेड. आल्ट व बरोबरीचे चिन्ह दाबले की वरच्या आकड्यांच्या बेरजेचे सूत्र आपोआप मांडले जाते. पण ते कोठून कोठवर धरले आहे हे ऐकून मगच एन्टर दाबावयाचे, अशी त्याची शिस्त आहे. आम्ही कित्येक डोळस कारकून पाहिले आहेत, जे एवढे थांबत नाहीत.

आता अडचणीचे स्थळ. तक्त्याच्या दोनशे एकेचाळिसाव्या ओळीत ‘पंधराशे’ ऐकू आले. ते जमेचे की नावेचे? डोळस मनुष्य मान वर करून मथळा पाहतो. ऐकणारास वर पाहता येत नाही, आणि दर घरी मथळ्यापर्यंत जाऊन येऊ लागल्यास दिवस पुरणार नाही. यावर उपाय असा : मथळ्याच्या ओळीत उभे राहून इन्सर्ट, शिफ्ट व सी या कळा दाबल्या, की ही ओळ मथळ्यांची आहे हे यंत्रास कळते, त्याचप्रमाणे नावांच्या रकान्यात इन्सर्ट, शिफ्ट व आर. मग आडवे जाताना यंत्र प्रत्येक रकान्याचे नाव आधी सांगते, खाली जाताना खातेदाराचे. व्याकरण शिकलेल्यांस यात नवल वाटू नये. सूत्रकार एकदा एक पद सांगतात, आणि पुढच्या सूत्रांत ते न लिहिताही चालत येते; त्यास आपण अनुवृत्ती म्हणतो. अनुवृत्ती ध्यानात न धरता सूत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत होते तीच मथळा न ऐकता आकडा ऐकणाराची. ही सोय एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरातील आहे. तो मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील तरुणाने २००६ साली रचावयास घेतला व जेम्स टेह त्यास येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. त्यांनी तो जगास फुकट दिला. त्यापूर्वीचा जॉज नावाचा, विकत मिळणारा स्क्रीन रीडर टेड हेन्टर यांच्या कंपनीने १९८९ साली काढला. हेन्टर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ, १९७८ सालच्या मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. ज्यास काटा बोचला त्यानेच वहाण शिवली, असा हा प्रकार आहे.

आणखी एक गंमत. संगणकावरील पहिला प्रसिद्ध तक्ता १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघांनी केला. ब्रिकलिन हार्वर्ड येथे शिकत असता, वर्गातील फळ्यावर मांडलेल्या गणितात एक आकडा बदलला की खालचे सारे पुसून पुन्हा लिहावे लागते हे पाहून त्यांस ही कल्पना सुचली. आम्ही उभा जन्म फळा पुसण्यात घालविला, पण आम्हांस ती सुचली नाही! त्यांनी त्यास नाव दिले व्हिजिकॅल्क, म्हणजे दिसणारे गणित. नाव असे डोळ्यांचे, पण चालत होता केवळ कळींवर. माऊस त्यास ठाऊकच नव्हता. म्हणजे कळींनी तक्ता चालविणे ही दृष्टिहीनांसाठी काढलेली पळवाट नव्हे, तो त्याचा मूळचा राजमार्ग आहे.

तर मग अडते कोठे? कळींत अडत नाही, मनुष्यात अडते. तक्ता करणारे गृहस्थ शोभेच्या नादी लागतात. जानेवारी हा मथळा तीन रकान्यांवर मधोमध दिसावा म्हणून तीन घरे मिळवून एक करतात. झाले! कंट्रोल व स्पेस दाबून एक रकाना निवडू गेले की तीन निवडले जातात, आणि लहानमोठी जोडघरे मध्ये असली तर नावांचा अनुक्रम लावणेही एक्सेल नाकारते. कोणी दर दहा ओळींनंतर एक कोरी ओळ सोडतो. मग कंट्रोल व बाणाची उडी दर दहा पावलांवर ठेच खाते. कोणी वहीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडतो. यंत्राच्या दृष्टीने ते नुसते चित्र, त्यात आकडा एकही नाही. सर्वांत वाईट गोष्ट आपल्या मराठीची आहे. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या टंकांत लिहिलेली नावे पडद्यावर देवनागरी दिसतात खरी, परंतु आत इंग्रजी अक्षरेच असतात. स्क्रीन रीडर ती जशीच्या तशी वाचतो आणि ‘गणेश’ ऐकावयास बसलेल्याच्या कानी निरर्थक वर्ण पडतात. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी मात्र तो नीट वाचतो. गिरणीचे पाच वर्षांचे जुने हिशेब भाच्याकडे आले तेव्हा पहिले तीन आठवडे याच घोळात गेले. ती नावे घरातील मुलांनी पाळीपाळीने वाचून दाखविली व त्याने पुन्हा टंकिली.

रंगाचे प्रकरण तर आमच्या घरावरच येऊन गेले. गतवर्षी जवळच्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली. भाच्याने अर्ज केला, बोलावणे आले. परीक्षेसाठी सुमारे तीनशे सभासदांचा तक्ता दिला. व्याजाचे सूत्र, बेरजा, अनुक्रम हे त्याने वेळेच्या आत केले. शेवटचा प्रश्न असा होता की, पिवळ्या ओळींत जे थकबाकीदार दाखविले आहेत त्यांची एकूण बाकी काढा. रंग यंत्रास विचारला तर यंत्र सांगते, नाही असे नाही. परंतु विचारावे लागते, घराघरापाशी थांबून. तीनशे ओळी व हातात दहा मिनिटे. त्याने परीक्षकांस नम्रपणे सांगितले की, थकबाकीदार असा एक रकाना घालून त्यात होय किंवा नाही एवढे लिहिलेले असते, तर ‘होय’ असलेल्या ओळींची बेरीज एका सूत्राने निघाली असती, आणि डोळस कारकुनाचाही वेळ वाचला असता. उत्तर मिळाले, ‘आमच्याकडे पहिल्यापासून रंगच आहे.’ जागा त्यास मिळाली नाही. भगिनी त्या रात्री जेवली नाही. तो मात्र जेवला, आणि दुसऱ्या दिवशी भातगिरणीच्या तक्त्यात त्याने ‘येणे बाकी’ असा नवा रकाना घातला.

आमचे म्हणणे, रंग अवश्य घालावा. दिवाळीत रांगोळीही घालावी. परंतु जो अर्थ शब्दाने सांगावयाचा तो एकट्या रंगाच्या हवाली करू नये. ही दृष्टिहीनांवर मेहेरबानी नव्हे. तोच तक्ता काळ्या शाईने छापला, किंवा रंग न ओळखणाऱ्या एखाद्या संचालकापुढे ठेवला, तर तेथेही तो मुकाच होणार.

हिशेबाच्या कामात दृष्टिहीनास दारातूनच परतविण्याचा प्रकार मोठ्या ठिकाणीही घडला आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्या दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. ही शाळा म्हणजे १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत सुरू केलेले काम. पुढे जॉज वापरून त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केला. २०१६ साली लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ वा आला व रेल्वेच्या लेखा सेवेसाठी त्यांचे नाव निघाले. परंतु पूर्ण दृष्टिहीन म्हणून रेल्वेने त्यांस घेतले नाही. पुढील वर्षी त्या १२४ व्या आल्या, भारतीय प्रशासन सेवेत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. हिशेब तपासण्यास ज्या अपात्र ठरल्या त्यांच्या हाती महसूल व दंडाधिकार आले, हा विरोधाभास वाचकांनीच पाहावा. पेणच्या पत्रात पहिल्या पक्षाच्या वडीलधाऱ्यांनी ‘आपल्या मुलीस कोण विचारणार?’ असे म्हटल्याचे लिहिले आहे. त्यांस आम्ही हे उदाहरण देऊ, आणि त्याबरोबर हेही सांगू की २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखल्या असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय व्यवहारांत सर्वांस प्रवेश असणे हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. कायदा झाला म्हणजे पतसंस्थेतील पिवळ्या ओळी लगेच पुसल्या जातात असे नाही, हे आम्हीही जाणतो. तरी मागावयास आधार असणे वेगळे आणि नसणे वेगळे.

आता पेणच्या बाईंसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. एक्सेलच्या आधी मुलीस कळफलक पक्का येऊ द्यावा. एफ व जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तेथे टेकवून बाकीच्या कळा बोटांनी ओळखावयाच्या. यास दोन-तीन महिने लागले तरी घाई करू नये. स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तेव्हा खर्चाची सबब नको. बोटांनी ब्रेल वाचावयाचे संगणकी यंत्र मात्र महाग असते, त्यावाचून प्रारंभी अडत नाही. शिक्षणासाठी मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ सालापासून दृष्टिहीनांसाठी केंद्र आहे, आणि नॅब ही संस्था तर १९५२ पासून आहे. घरचा किराणा व दुधाचा हिशेब पहिल्या दिवसापासून तिच्याकडे द्यावा, आणि खरा द्यावा. खेळातला हिशेब मुले तत्काळ ओळखतात. रोकड मोजण्यास नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ नावाचे ॲप रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी काढले आहे. ते नोट कितीची हे सांगते, खरी की खोटी हे सांगत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी एकच. ती कामास बसली असता मागून येऊन माऊस हाती घेऊ नये. आपण मदतीच्या भरात तो हलवितो, बाण भलत्याच घरी जाऊन बसतो, आणि तिने मनात बांधलेला सारा वाडा विस्कटतो. आपण कोठे उभे आहोत हे तिला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते. विचारावयाचे ते तोंडाने विचारावे, पत्ता सांगून विचारावे : ‘सी बारामध्ये काय आहे ग?’ आमच्या कुटुंबास हे साधावयास सहा महिने लागले. आता त्या स्वयंपाकघरातूनच ओरडून डी सतराची चौकशी करतात, कारण डी सतरात या महिन्याचे डाळीचे बिल असते.

बाईंच्या पत्रातील दुसरा प्रश्न बीजगणिताची चिन्हे ऐकून कशी समजावीत, याविषयीचा आहे. तो विस्ताराने घ्यावयास पाहिजे, म्हणून पुढील अंकी.